हापसा, कळफलक आणि दुरुस्तीचा पाना

शाळेतल्या लॅपटॉपचा कळफलक बिघडला, म्हणजे रोजच्या बोलण्यातला कीबोर्ड बंद पडला, की दोन वाटा समोर येतात. एक तर तो आपणच उघडून बदलायचा, नाहीतर दुरुस्तीला पाठवायचा. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी ही दुसरी वाट लांबची असते. पंढरपूर ३२ किलोमीटर, सोलापूर ८० च्या आसपास. त्यातून यंत्र सरकारी दप्तरात नोंदलेले असेल तर दरपत्रक, मंजुरी, पावती आणि ते नेण्या-आणण्याची जबाबदारी कोणाची, हे सगळे ठरावे लागते. तोवर लॅपटॉप कपाटात आणि त्यावर शिकणारी मुले पुन्हा खडू-फळ्यावर. बिघाड मात्र 'अ' ची कळ उठत नाही एवढाच असतो.

हा पेच संगणकाबरोबर आला असे आपल्याला वाटते, पण तसे नाही. याच दुष्काळी पट्ट्यात पन्नास वर्षांपूर्वी तो एका वेगळ्याच यंत्राच्या निमित्ताने उभा राहिला होता. त्यावर जो तोडगा निघाला त्याची एक महत्त्वाची कडी सोलापुरात तयार झाली आणि पुढे ती जगभर गेली. ते यंत्र म्हणजे हातपंप. आपल्याकडच्या भाषेत हापसा. हापशाची ही कथा शिक्षकांना ठाऊक असावी असे आम्हाला वाटते. वर्गात सांगण्याजोगी तर ती आहेच, पण लॅपटॉपच्या कळफलकाबद्दल काय ठरवायचे याचेही उत्तर तिच्यात बरेचसे सापडते.

त्याआधीची स्थिती थोडक्यात पाहू. गावगाड्यात दुरुस्तीसाठी वस्तू गावाबाहेर जात नसे. नांगराचा फाळ लोहार शेवटून देई, दांडी सुतार बदलून देई, मोटेची सोंड फाटली तर ती शिवणारा गावातच असे. मोबदला कामागणिक नसे, तो वर्षाच्या धान्याच्या रूपाने मिळे. आजच्या भाषेत याला वार्षिक देखभाल करार म्हणता येईल. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ती जातीने बांधलेली होती आणि दुरुस्ती करणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नव्हती. येथे तिची तांत्रिक बाजू तेवढी लक्षात घ्यायची: वस्तू अशी होती की तिचा प्रत्येक भाग गावातल्या हत्यारांनी घडवता आणि बदलता येत होता. ओतीव लोखंडाची, दूरच्या कारखान्यात तयार झालेली यंत्रे गावात आली तेव्हा हे नाते तुटले.

बिहार आणि उत्तर प्रदेशात १९६६-६७ मध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी युनिसेफने कठीण खडक फोडणारी विंधनयंत्रे भारतात आणली. दाबाखालच्या हवेने चालणारा हातोडा भोकाच्या तळाशीच ठोकत जातो, हे त्या यंत्रांचे तत्त्व. आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये विहीर खणायची तर सुरुंग लावत महिने जात. या यंत्राने हातभर रुंदीचेही नसलेले, पण ५०-६० मीटर खोल भोक एक-दोन दिवसांत पडू लागले. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रात या कामाला वेग आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच सुमारास स्थापन झाली. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत हा सगळा पर्जन्यछायेचा टापू. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. इथे विंधन विहीर म्हणजे केवढा आधार, हे वेगळे सांगायला नको.

भोक पडले, पण त्यातून पाणी वर काढायचे कसे? गावोगावी वीज नव्हती. म्हणून हातपंप बसवले गेले. हे पंप युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांत वापरल्या जाणाऱ्या पंपांच्या नकला होत्या. ओतीव लोखंडाचा सांगाडा, हँडलच्या सांध्यांत दोन-तीन खिळी. तिकडे एका कुटुंबाला पाणी पुरवण्यासाठी तो उत्तम होता. इथे त्याच्यावर अख्खे गाव तुटून पडले.

हा फरक किती मोठा होता याचे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. एका हापशामागे २५० माणसे आणि माणशी दिवसाला ४० लिटर पाणी, हे पुढे सरकारी योजनांत रूढ झालेले प्रमाण धरू. म्हणजे दिवसाला १०,००० लिटर. चांगला पंप साधारण ४० हापशांत १५ लिटरची घागर भरतो. यावरून दिवसाचे हापसे होतात सुमारे २७,००० आणि वर्षाचे जवळजवळ ९७ लाख. मिनिटाला ४० या गतीने पंप दिवसातून अकरा तास चालला पाहिजे. शेतघरातला पंप इतके हापसे बहुधा आपल्या सगळ्या आयुष्यातही पाहत नसेल. साहजिकच खिळी झिजली, हँडल डुगडुगू लागले, ओतीव भाग तडकले. युनिसेफने १९७४ च्या सुमारास पाहणी केली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश बंद अवस्थेत आढळले. खडक फोडून पाण्यापर्यंत पोचण्याचे अवघड काम साधले होते आणि सारा कार्यक्रम अडला होता तो जमिनीवरच्या हातभर लांबीच्या दांड्यापाशी.

जालना आणि सोलापूर

या दांड्याचा विचार प्रथम कोणा मोठ्या संशोधन संस्थेने केला नाही. मराठवाड्यात जालना येथे स्कॉटिश मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातील मंडळी दुष्काळी गावांत विंधन विहिरी घेत होती. आपणच बसवलेले पंप आपल्याच डोळ्यांदेखत मोडताना त्यांना दिसत होते. त्यांनी ओतीव लोखंड सोडले आणि पोलादी नळ्या व पट्ट्या जोडून पंप तयार केला. खिळी कमी करून हँडलला एकच आस ठेवला. तो 'जालना पंप'. त्याच वाटेने पुढे जाऊन सोलापुरात अधिक मजबूत पंप तयार झाला. तो ज्याने घडवला तो कारागीर स्वयंशिक्षित होता, अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याचा पंप 'सोलापूर पंप' या नावाने ओळखला गेला आणि त्या काळी उपलब्ध असलेल्या पंपांत सर्वांत टिकाऊ ठरला.

सोलापूर पंपाची खुबी नीट समजून घेण्यासारखी आहे. हँडल वर-खाली केले की त्याचे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. पण भोकातली लोखंडी सळई मात्र सरळ उभ्या रेषेतच वर-खाली जायला हवी. ती थेट हँडलला जोडली तर प्रत्येक हापशाला टोक तिला बाजूला ढकलते, आणि सळई जिथे घासते तिथे झीज होते. जुन्या पंपांत यावर उपाय म्हणून मधे आणखी दुवे आणि खिळी घालत. म्हणजे झिजायला आणखी जागा. सोलापूर पंपात हँडलच्या टोकाला वर्तुळाच्या पाव भागाएवढी एक कड बसवली आणि तिच्यावरून सायकलसारखी साखळी सोडून तिला सळई टांगली. हँडल फिरले की साखळी कडेवर गुंडाळली जाते किंवा उलगडते. पण ती कडेवरून जिथे सुटते ती रेषा कायम तीच, वर्तुळाची उभी स्पर्शिका. सळईला बाजूचा धक्का बसतच नाही. आणि हँडल टेकते ते खिळीवर नव्हे, बंदिस्त बॉल बेअरिंगवर. दहावीच्या भूमितीतली स्पर्शिका कोणाच्या कामाला येते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हा हापसा दाखवावा.

साखळी ओढू शकते, ढकलू मात्र शकत नाही. मग दट्ट्या खाली कसा जातो? सळईच्या स्वतःच्या वजनाने. बारा मिलिमीटर जाडीची ३० मीटर सळई २७ किलोच्या आसपास भरते, तेवढे वजन पुरते. पाणी फार वर असेल, सळई आखूड असेल, तर साखळी सैल पडते आणि पंप नीट चालत नाही. म्हणजे ही रचना खोल पाण्यासाठी, आपल्यासारख्या मुलखासाठीच जमलेली आहे.

युनिसेफ आणि भारत सरकारने सोलापूर पंप पायाभूत धरला. मद्रासच्या यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने त्याच्यावर काम केले, कोइमतूर भागात चाचण्या झाल्या आणि १९७७-७८ च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' हा पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक, आयएस ९३०१, प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे सुमारे पन्नास लाख पंप तयार होऊन जगभर बसवले गेले. आपल्या शाळेच्या किंवा देवळाच्या शेजारी जो हापसा असेल तो बहुधा याच जातीचा.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, कारण पुढे कळफलकाच्या वेळी तिची गरज पडेल. या पंपावर कोणाची मक्तेदारी ठेवली गेली नाही. त्याची मापे, जाड्या, आटे, साहित्य हे सगळे मानकात छापलेले होते. कोणताही कारखाना तो बनवू शकत होता आणि एका कारखान्याचा वायसर दुसऱ्या कारखान्याच्या पंपात बसत होता. यामुळे निकृष्ट मालही बाजारात आला, हे खरे. तो रोखण्यासाठी स्वतंत्र तपासणीची व्यवस्था करावी लागली. परंतु सुटा भाग मिळत नाही म्हणून पंप बंद, ही स्थिती टळली.

पाना कोणाकडे?

पंप टिकाऊ झाला, पण अमर नव्हता. आता प्रश्न आला दुरुस्तीचा. तामिळनाडूत यासाठी तीन पायऱ्यांची रचना बसवली गेली आणि कमी-अधिक फरकाने ती देशभर पसरली. गावात एक काळजीवाहक: त्याने साखळीला ग्रीस लावायचे, नट आवळायचे, बिघाड कळवायचा. गटाच्या पातळीवर एक मेकॅनिक. आणि जिल्ह्याला फिरते पथक: गाडी, तिकाटणे, साखळ्या, पाइप धरणारे शिकंजे आणि चार-पाच माणसे.

कागदावर ही रचना सुबक आहे. अडचण होती ती पंपाच्या पोटात. सर्वांत जास्त झिजणारा भाग कोणता? दट्ट्यावरचा कातड्याचा वाटीसारखा वायसर. तळहाताएवढा, किमतीने किरकोळ. तो असतो भोकात ३० मीटर खाली, पितळी नळकांड्यात. आणि मार्क टू मध्ये हे नळकांडे वरच्या पाइपापेक्षा रुंद असते, म्हणून दट्ट्या पाइपातून वर येऊच शकत नाही. वायसर बदलायचा तर सगळा पाइप उपसावा लागतो. पाइपाचे वजन मीटरला तीन किलोंहून थोडे जास्त. ३० मीटरला ९५ किलो. त्यात सळई २७ किलो, आत अडकलेले पाणी तीसेक किलो. म्हणजे तळहाताएवढ्या कातड्यासाठी दीडशे किलोंचे ओझे बाहेर काढायचे. गावच्या काळजीवाहकाला, त्याची कितीही इच्छा असली तरी, हे करता येणार नाही. त्याच्या हातात पाना दिला खरा, पण तो ज्या नटाला लागतो तो नट मोडतच नव्हता.

मग तक्रार जायची तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. पथक एक, हापसे शेकडो. उन्हाळ्यात सगळीकडूनच तक्रारी. तोवर गावच्या बायका दुसऱ्या विहिरीची वाट धरायच्या. दुरुस्तीला लागणारा वेळ तासांत मोजायचा आणि दुरुस्ती होईपर्यंतचा वेळ आठवड्यांत, हे चित्र देशभर दिसले.

१९८० च्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या पाणीपुरवठा दशकाच्या निमित्ताने, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने देशोदेशीचे हातपंप तपासले. १९८७ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. गावपातळीवरच चालवता आणि दुरुस्त करता येईल असा पंप, ही कल्पना त्या कामातून पुढे आली. विचाराची दिशाच उलटी झाली म्हणायचे. आधी पंप ठरवायचा आणि मग दुरुस्तीची यंत्रणा शोधायची, हा क्रम सोडून, दुरुस्ती कोण करणार हे आधी ठरवायचे आणि त्याच्या हाताला झेपेल असा पंप घडवायचा. कोइमतूर भागात याच काळात मार्क टू चा एक भाऊ तपासला जात होता. त्यात फरक मुख्यतः एकच: वरचा पाइप ६५ मिलिमीटरचा, म्हणजे नळकांड्याइतका रुंद. आता सळई धरून दट्ट्या सरळ वर ओढता येतो, त्याच्या पाठोपाठ तळाची झडपही. पाइप जागचा हलवावा लागत नाही. कातड्याऐवजी नायट्राइल रबराचा वायसर आला, तो जास्त काळ टिकतो. दोन माणसे आणि थोडी हत्यारे पुरतात. हाच 'इंडिया मार्क थ्री'. त्याचे मानक १९९१ मध्ये आले.

पण म्हणून मार्क थ्री ने मार्क टू ची जागा घेतली असे झाले नाही. रुंद पाइप महाग आणि वजनाने दुप्पट. पाणी जसे खोल गेले तसा तो परवडेनासा झाला आणि कधी पाइपच काढायची वेळ आली तर मार्क टू पेक्षा जड गेला. आधी बसलेले लाखो मार्क टू उखडून टाकणेही शक्य नव्हते. तेव्हा दुसऱ्या बाजूनेही उत्तरे शोधली गेली: यंत्र न बदलता माणूस बदलायचा. राजस्थानात तिलोनिया येथील समाजकार्य व संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यातल्याच, फारसे न शिकलेल्या तरुणांना हापसा-मिस्त्री म्हणून तयार केले. तीन पायऱ्यांच्या जागी एकच पायरी: आसपासच्या काही गावांचे हापसे सांभाळणारा स्थानिक मिस्त्री. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून स्त्रिया हे काम शिकल्या. पाइप उपसणे हे बायकांचे काम नव्हे, असे सांगणारे अर्थातच पुष्कळ होते. पण पंप बंद पडला की कोणाच्या डोक्यावर हंडा येतो, हे पाहिले तर पाना कोणाच्या हाती असणे सयुक्तिक होते ते कळते.

महाराष्ट्रात हल्ली अनेक विंधन विहिरींवर सौरऊर्जेवरचा दुहेरी पंप दिसतो: वीज असेपर्यंत बुडता पंप, नाहीतर त्याच भोकावरचा हापसा. दुरुस्तीचा प्रश्न त्यामुळे संपला नाही, दुप्पट झाला. पण तो विषय वेगळा.

कळफलकाकडे

आता हेच माप लॅपटॉपला लावून पाहू.

कळ बसवलेली यंत्रे आपल्याकडे नवी नाहीत. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला आणि सुमारे २००९ पर्यंत तो बनवला. तालुक्या-तालुक्यातल्या टंकलेखन वर्गांतून मराठी-इंग्रजीच्या सरकारी परीक्षा देऊन दोन-तीन पिढ्या नोकरीला लागल्या. टंकलेखकाचा प्रत्येक दांडा उघड्यावर असतो. कोणती कळ कुठे अडकली ते डोळ्यांना दिसते. फिरता मेकॅनिक पिशवीतून पेचकस आणि तेलाची बुधली काढी आणि वर्गाची यंत्रे एका बसणीत ठीक करून जाई. हा सोलापूर पंपाच्याच कुळातला प्रकार.

लॅपटॉपच्या कळफलकात दिसण्यासारखे काहीच नाही. कळेखाली कात्रीसारखी प्लास्टिकची जोडी, तिच्या खाली रबराची छोटी घुमटी आणि त्याखाली पॉलिएस्टरचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीयुक्त शाईने छापलेल्या वाहक रेषा, मधल्या पापुद्र्याला प्रत्येक कळेच्या जागी भोक. कळ दाबली की घुमटी बसते, दोन रेषा टेकतात, विद्युत्परिपथ पुरा होतो. ऐंशी-नव्वद कळांना प्रत्येकी वेगळी तार नसते. रेषा जाळीसारख्या असतात: समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या. चोवीस तारांत १२८ छेदबिंदू मिळतात. संगणक एकेका आडव्या रेषेला क्रमाने संदेश देतो आणि कोणत्या उभ्या रेषेवर तो उमटला ते पाहतो, सेकंदाला कित्येक वेळा.

ही जाळी समजली की निदान अर्धे झाले. एकच कळ बंद असेल तर बहुधा तिच्याखाली कचरा आहे किंवा घुमटी फाटली आहे. कळफलक बदलण्याची घाई करू नये. एकमेकींपासून दूर असलेल्या सात-आठ कळा एकदम गेल्या असतील तर त्या जाळीतल्या एकाच रेषेवर असण्याचा संभव मोठा. मग दोष रेषेत किंवा कळफलकाला जोडणाऱ्या पट्टीत. कधी ती पट्टी फक्त खोबणीतून सरकलेली असते. काहीच चालत नसेल तर बाहेरून यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडून पाहावा. तो चालला तर संगणकाचे मुख्य अंग शाबूत आहे असे मानायला हरकत नाही. शाळेच्या कामापुरता हा बाहेरचा कीबोर्ड कित्येकदा पुरेसा तोडगा ठरतो. साखर घातलेला चहा सांडला असेल तर मात्र त्याच क्षणी यंत्र बंद करावे. पाणी वाळते, साखर राहते, आणि ओल टिकून विद्युतप्रवाह चालू राहिला की चांदीच्या रेषा गंजून तुटतात.

एवढे झाल्यावर बदलायचाच ठरला, तर तो घरी बदलता येईल का? हे आपल्या हुशारीपेक्षा लॅपटॉपच्या रचनेवर अवलंबून आहे. इथेच मार्क टू आणि मार्क थ्री आठवावेत.

आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड हा लॅपटॉप आणला. त्या मालिकेतल्या यंत्रांचे 'जागेवर बदलता येणारे भाग' ठरवून त्यांना क्रमांक दिलेले असत आणि दुरुस्तीची पुस्तिका कोणालाही मिळे. कळफलक हा त्यातलाच एक भाग. बरीच वर्षे त्याची रीत अशी होती: खालून खुणा केलेले काही स्क्रू काढायचे, कळफलक वरून उचलायचा, पट्टी सोडवायची, नवा बसवायचा. दहा-पंधरा मिनिटांचे काम. हा मार्क थ्री: झिजणारा भाग वरून निघतो, बाकीचे यंत्र हलवावे लागत नाही.

२०१० नंतर लॅपटॉप पातळ करण्याची स्पर्धा लागली. कळफलक वरून उचलता येईनासा झाला. तो वरच्या झाकणाला आतून जोडला जाऊ लागला, तोही कित्येकदा स्क्रूने नव्हे तर वितळवून चपट्या केलेल्या प्लास्टिकच्या डझनावारी खिळ्यांनी. त्याच्यापर्यंत पोचायचे तर बॅटरी, मुख्य पट्ट, पंखा, सगळे काढायचे. वायसरसाठी दीडशे किलो पाइप उपसण्यासारखेच हे. याचे ठळक उदाहरण अॅपलचे. २०१५ मध्ये त्या कंपनीने फुलपाखरू पद्धतीच्या अतिशय पातळ कळा आणल्या. बारीक कणानेही त्या अडकत. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीपासून ती रचना सोडून द्यावी लागली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एक कळ अडकली तरी वरचे अख्खे झाकण, त्याला चिकटवलेल्या बॅटरीसह, बदलावे लागे.

प्लास्टिकच्या खिळ्यांचा कळफलकही आपल्याकडचे कारागीर बदलतात. खिळ्यांची डोकी कापायची, जुना पत्रा सोडवायचा, नवा बसवून उरलेल्या खुंट्या कावियाने वितळवून पुन्हा चपट्या करायच्या. हे काम हाताला वळण असलेल्या माणसाचे आहे. शिक्षकांनी पहिल्याच खेपेला याला हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या गावी मोबाइल आणि संगणक दुरुस्त करणारा जो मिस्त्री असतो त्याच्याकडे ते सोपवावे. 'स्वतः की दुरुस्तीला' या प्रश्नात ही तिसरी वाट आपण सहसा मोजतच नाही. तिलोनियाचा हापसा-मिस्त्री जिथे उभा होता तिथेच हा उभा आहे: गावचा नाही, जिल्ह्याचाही नाही, हाकेच्या अंतरावरचा.

मात्र या मिस्त्रीच्या हाती आयएस ९३०१ सारखे काही नाही. लॅपटॉपच्या कळफलकाला मानक नाही. एकाच कंपनीच्या शेजारशेजारच्या दोन मॉडेलांत पट्टीची लांबी वेगळी, स्क्रूचे कान वेगळ्या जागी, कळांखालचा दिवा असलेला-नसलेला प्रकार वेगळा. म्हणून सुटा भाग मागवताना केवळ कंपनीचे नाव सांगून भागत नाही. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि शक्य असेल तर जुन्या कळफलकाच्या मागे छापलेला क्रमांक जुळवावा लागतो. २०२१ मध्ये फ्रेमवर्क नावाच्या एका लहान अमेरिकी कंपनीने प्रत्येक भाग ग्राहकाला बदलता येईल असा लॅपटॉप विकायला आणला. असे भाग करता येतात, पण करायचे ठरवावे लागते, एवढे त्याने दाखवले. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. हापशाला मानक मिळायला दुष्काळ पडावा लागला होता.

यंत्र खालून स्क्रू काढून उघडण्याच्या प्रकारचे असेल आणि हमीची मुदत संपली असेल, तर शाळेत ते करायला हरकत नाही. चार्जर काढावा, यंत्र पूर्ण बंद करावे, उघडल्याबरोबर पहिले काम म्हणून बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबावे. ती टोचली गेली तर पेट घेऊ शकते आणि तिचे काम माहितगाराचेच. स्क्रू एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी चिकटवून ठेवावेत. ते सगळे सारखे दिसतात पण लांबीने वेगळे असतात, आणि आखूड भोकात लांब स्क्रू आवळला तर तो आतला पट्ट फोडतो. कळफलकाची पट्टी ज्या खोबणीत असते तिला बहुधा बारीक कुलूपपट्टी असते. ती नखाने उघडल्याशिवाय पट्टी ओढू नये. जुन्या लॅपटॉपांत सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते. आणि यंत्र बाहेर द्यायचे असेल तर आधी विद्यार्थ्यांची माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून सोबत देऊ नये. कळफलक तपासायला त्याची गरज नसते.

बाजारात मिळणाऱ्या बदली कळफलकावर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरेच असतात. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट रचना पाठ असली की ही अडचण राहत नाही. नसेल तर अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात.

काढलेला जुना कळफलक फेकू नये. त्याचा मागचा पत्रा सोडवला की पापुद्रे हाती येतात. ते खिडकीच्या काचेवर लावून विद्यार्थ्यांना रेषा मोजायला सांगाव्यात: आडव्या किती, उभ्या किती, कोणत्या दोन रेषांच्या छेदावर 'क' आहे. मग मल्टिमीटरने एकेका रेषेचे टोक ते टोक तपासावे. जिथे काटा हलत नाही तिथे भिंग धरले तर चांदीची रेषा काळी पडून तुटलेली सहसा दिसते. त्यानंतर वर्ग शाळेजवळच्या हापशाकडे न्यावा, ग्रामपंचायतीच्या माणसाकडून डोक्याचे झाकण उघडून घ्यावे आणि साखळी कडेवर कशी बसते ते पाहावे. हँडल कोणी हलवणार नाही याकडे मात्र लक्ष ठेवावे, त्या कडेत बोट सापडू शकते.